ओमेगाच्या डायलवर गोलात ‘टी’ आहे. फसलो का मी?

अर्धाकाटा

नमस्कार मंडळी. वाचतोय बरेच दिवस, लिहितोय पहिल्यांदाच, तेही तोंड पाडून.

गेले वर्षभर लष्करी घड्याळांचं खूळ डोक्यात शिरलंय. त्यातही ब्रिटिश लष्कराने सैनिकांसाठी मागवलेली आणि १९४५ साली हाती आलेली ती बारा कंपन्यांची घड्याळं. बायकोला सगळी नावं पाठ झालीत एव्हाना: ब्यूरेन, सायमा, इटर्ना, ग्राना, आयडब्ल्यूसी, जेगर-लकूल्त्र, लेमानिया, लाँजीन, ओमेगा, रेकॉर्ड, टिमोर, व्हर्टेक्स. बारा जमवायची ऐपत नाही आणि दुर्मिळ ग्राना मला कोण देतंय, म्हणून एकच घ्यायचं पण चांगलं घ्यायचं असं ठरवून ओमेगा घेतलं.

मागच्या झाकणावर बाण आहे (ब्रिटिश सरकारी मालाची खूण), तीन डब्ल्यू आहेत (वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ), ‘वाय’ने सुरू होणारा नंबर आहे. आतलं यंत्र तांबूस, ३०टी२. पट्ट्याच्या दांड्या केसला पक्क्या बसवलेल्या, स्प्रिंगच्या नव्हेत. इथवर सगळं फोटोंत पाहिलं होतं तसंच. विकणाऱ्याचं म्हणणं, “सगळं मूळचं आहे, कोणी हात लावलेला नाही.”

परवा भिंग लावून निवांत बघत बसलो होतो, तर डायलवर एका छोट्या गोलात ‘टी’ दिसला. अंक पण फोटोतल्यापेक्षा जाड वाटतात. एका मित्राला दाखवलं तर तो हसलाच. म्हणाला, टी म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकणाऱ्या रंगातलं, आणि ट्रिटियम डायलवर आलं साठच्या दशकात. १९४५ च्या घड्याळाला रेडियम हवं. “डायल कोणीतरी नंतर चिकटवलीय, गेले तुझे पैसे.” रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

आता विचारायचं ते असं. ही डायल खोटी का? आणि दुसरं, एका बंद पडलेल्या ओमेगाची जुनी रेडियमची डायल मिळतेय. ती याच्यावर बसवून घेऊ का, म्हणजे घड्याळ पुन्हा १९४५ चं होईल?

बाणवाला

विकणाऱ्याने ‘सगळं मूळचं’ म्हटलं होतं ना? मग परत करा. डायल बदललेली असली की घड्याळाची किंमत निम्म्याच्याही खाली जाते. आणि परत घेत नसेल तर ती जुनी डायल सोडू नका, लगेच घ्या. डायल म्हणजे घड्याळाचा चेहरा, बाकी सगळं दुय्यम.

किल्लीवाला

अर्धाकाटा, आधी शांत व्हा. आणि ती जुनी डायल अजिबात घेऊ नका. बाणवाला यांना राग येईल, येऊ दे.

तुमचा मित्र अर्धं बरोबर बोलला. टी म्हणजे ट्रिटियम हे खरं, युद्धानंतरचं हेही खरं. पण ती डायल चिकटवली कोणी, हे त्याने विचारलं नाही. बहुतेक खुद्द ब्रिटिश लष्करानेच.

झालं असं की १९४५ ची ही घड्याळं युद्ध संपलं म्हणून कोणी फेकून दिली नाहीत. त्यातली बरीचशी तर हातावर चढेपर्यंत युद्ध संपत आलं होतं, काहींच्या बाबतीत संपलंही होतं. मग ती पुढे वर्षानुवर्षं वापरात राहिली. काही डच सैन्याकडे गेली, तिथून इंडोनेशियाच्या सैन्याकडे, त्यामुळे एकाच झाकणावर दोन-दोन देशांचे शिक्के मारलेले नग सापडतात. जी ब्रिटिशांकडेच राहिली ती अधूनमधून लष्कराच्या वर्कशॉपमध्ये जात. दरम्यान रेडियम अंगाला लागलं तर काय होतं हे जगाला नीट कळलं होतं. म्हणून मग दुरुस्तीला आलेल्या घड्याळाची रेडियमची डायल काढायची आणि ट्रिटियमची नवी बसवायची, असं धोरण आलं. ती नवी डायल लष्करासाठीच छापलेली असे. तिच्यावर बाण असतो, आणि गोलातला टी असतो. आपल्यात तिला ‘एमओडी डायल’ म्हणतात, एमओडी म्हणजे ब्रिटिश संरक्षण मंत्रालय. आयडब्ल्यूसी आणि ओमेगावर ती सर्रास दिसते.

माझ्याकडे या बारातली चार आहेत, दोघांना अशीच डायल. पूर्वी मीही नाक मुरडायचो. मग एकदा झाकण उघडलं तर आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारख्या बारीक खुणा. दुरुस्ती करणारे कारागीर अशा खुणा करून ठेवतात, कधी तारीख, कधी स्वतःचं काही चिन्ह. माझ्या सायमाच्या झाकणात अशा पाच आहेत. ज्या वस्तूला पाच वेळा कोणीतरी टेबलावर घेऊन साफ केलंय, तेल घातलंय आणि पुन्हा एका सैनिकाच्या हातात दिलंय, तिचा चेहरा १९४५ चा राहिला नाही म्हणून ती खोटी? मला नाही पटत.

आता दुसऱ्या प्रश्नाचं. मेलेल्या घड्याळाची डायल काढून याच्यावर बसवलीत तर लष्कराने केलेला बदल तुम्ही पुसणार आणि जे कधी एकत्र नव्हतं ते एकत्र आणणार. पुढे तुमच्या हातून ते कोणाकडे गेलं, तर तोही ‘सगळं मूळचं’ असंच ऐकणार. विकणाऱ्याने तुमच्याशी जे केलं तेच.

शिवाय रेडियमची डायल काढ-घाल करणं हा खेळ नव्हे. ते प्रकाश देणं कधीच थांबलेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं रेडियम संपलं. संपत नाही हो. रेडियमचं अर्धं आयुष्य १६०० वर्षं. संपतं ते त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड. रेडियमच्या माऱ्याने तेच जळून जातं, म्हणून चमक जाते. किरण होते तिथेच असतात. काच आणि झाकण बंद असेल तर घड्याळ हातात घालायला हरकत नाही, पण सुटा रंग खरवडला, त्याची पूड नाकात गेली, तर ते वाईट. ट्रिटियमचं अर्धं आयुष्य जेमतेम १२ वर्षं, आणि त्याचे किरण इतके मवाळ की काचेबाहेर येत नाहीत.

तेव्हा डायलची काळजी सोडा. पण तुम्ही नीट फोटो टाकले नाहीत, म्हणून तीन गोष्टी बघून सांगा.

एक, दहा पट भिंगाखाली अंकांच्या कडा कशा दिसतात? छापलेल्या डायलवर शाई धारदार आणि किंचित वर आलेली असते. खाजगी माणसाने रंगवलेल्या डायलवर ती पसरलेली, कडा दातेरी.

दोन, अंधारात अतिनील टॉर्च मारून पाहा आणि टॉर्च बंद झाल्यावर रंग किती वेळ चमकतो ते मोजा. चांगला दहा-पंधरा मिनिटं हिरवागार राहिला तर तो अलीकडचा रंग, मग माझं वरचं सगळं मागे घेतो.

तीन, काटे बघा. काट्यांतला रंग आणि डायलवरचा रंग एकाच छटेचा आहे का? आणि मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतं का? याकडे कोणी बघत नाही. सगळे डायलवरच टक लावून बसतात.

बाणवाला

किल्लीवाले काका, राग नाही आला. पण बाजार काय म्हणतो तेही सांगायला हवं ना. रेडियमची मूळ डायल आणि एमओडी डायल यांत लोक फरक करतात, भरपूर करतात.

किल्लीवाला

करतात, मान्य. मी बाजाराचं सांगत नव्हतो.

जुनापट्टा

मूळ विषय नाही, पण अर्धाकाटा यांनी पक्क्या दांड्यांचा उल्लेख केलाय म्हणून घाईघाईने लिहितो. कृपा करून त्या दांड्यांना कोणाला हात लावू देऊ नका.

माझ्याकडे एक व्हर्टेक्स होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण बघवत नाही. एका दुरुस्तीवाल्याकडे तेलपाण्याला दिलं. त्याने यंत्राचं काम अगदी सुरेख केलं, आणि मग माझ्यावर उपकार म्हणून त्या दांड्या कानशीने कापून तिथे भोकं पाडून स्प्रिंगच्या दांड्या बसवून दिल्या. “आता तुम्हाला कुठलाही पट्टा लावता येईल!” चेहऱ्यावर असा आनंद की मला ओरडताही आलं नाही. पैसे दिले, बाहेर आलो, पायरीवर बसलो.

दांड्या पक्क्या का असतात, तर स्प्रिंगची दांडी ऐन वेळी निसटली की घड्याळ चिखलात जातं. पक्क्या दांडीला दोन तुकड्यांचा शिवलेला पट्टा लागत नाही. एकाच लांब पट्टीचा कापडी पट्टा वरून खाली ओवायचा. ज्याला आज सगळे नाटो पट्टा म्हणतात तो नायलॉनचा, तो ब्रिटिशांनी १९७३ साली प्रमाणित केला, युद्धातला नव्हे. त्याला जी १० पण म्हणतात, कारण स्टोअरमधून तो घ्यायला जो फॉर्म भरावा लागे त्याचा नंबर जी १०९८. युद्धातल्या घड्याळावर नायलॉन घालू नये असं मी म्हणत नाही, मीही घालतो. फक्त ‘मूळ पट्टा’ म्हणून कोणी विकत असेल तर हसून पुढे जा.

अर्धाकाटा

किल्लीवाले काका, मनापासून आभार. सांगितलं ते सगळं करून आलो. थोडं लांबलचक होईल.

भिंगाखाली अंकांच्या कडा स्वच्छ, धारदार. बाणसुद्धा. टॉर्चचं म्हणाल तर डायलवरचे ठिपके टॉर्च असेपर्यंत फिकट चमकले आणि बंद केल्यावर तीन आकडे मोजेपर्यंत विझले. म्हणजे डायल निर्दोष सुटली.

पण काटे! मी घड्याळ इतक्या वेळा हातात घेतलं आणि हे एकदाही दिसलं नाही. डायलवरचा रंग साईसारखा आहे आणि काट्यांतला तपकिरी, जळलेल्या साखरेसारखा, मधे बारीक भेगा. मिनिटकाटा रेघांच्या आधीच संपतो. एखाद्या केसाएवढंच अंतर असेल, पण एकदा दिसलं की दुसरं काही दिसतच नाही.

माझा एक मित्र भौतिकशास्त्र शिकवतो, त्याच्याकडून गायगर मोजणीयंत्र आणलं. आधी टेबलावर नुसतं ठेवलं, अधूनमधून एखादी टिक. मग घड्याळाच्या काचेवर धरलं, तर कढईत मोहरी टाकल्यासारखी तडतड. मित्र म्हणाला, ट्रिटियम काचेतून इतका आवाज करूच शकत नाही, आत रेडियम आहे. काट्यांवरून यंत्र बाजूला नेलं की तडतड कमी. काटे फिरवून सहावर आणले तर आवाजही काट्यांमागे सहावर आला. हे करताना आम्ही दोघं चाळिशीचे पुरुष खिडकी उघडून अक्षरशः लहान मुलांसारखे खिदळत होतो.

आता मी जास्त गोंधळलोय. डायल नवी आणि काटे जुने, हे कसं?

किल्लीवाला

वा! काम नेटकं केलंत. नाव अर्धाकाटा घेतलंत आणि नशिबी काटाच तोकडा आला, योगायोग म्हणायचा.

सरळ आहे. रेडियम हटवायचं म्हणून ज्या वर्कशॉपने डायल बदलली, ते काट्यांत रेडियम ठेवेल कशाला? डायलबरोबर काटेही बदलत. म्हणजे तुमच्या घड्याळाचे ट्रिटियमचे काटे लष्करातून बाहेर पडल्यानंतर कधीतरी गेले. तुटले असतील, गंजले असतील. मग कोणीतरी डब्यात पडलेले जुने काटे घेतले, भोक बसतंय ना, बसवले. लांबी बघायची तसदी घेतली नाही. ते ओमेगाचे असतील किंवा नसतीलही.

थोडक्यात, ज्या डायलमुळे तुमची झोप उडाली ती लष्कराची, आणि ज्या काट्यांवरून तुम्ही रोज वेळ वाचत होता ते उपरे. विकणारा खोटं बोलला हे शेवटी खरंच, पण ज्या जागी तुम्ही शोधत होता त्या जागी नाही. त्यालाही बहुधा माहीत नसावं, असं माझं मत. काट्यांकडे कोणी बघत नाही हो.

काय करायचं? घाई काही नाही. पण काट्यांतल्या त्या भेगा मला आवडल्या नाहीत. रेडियमचा रंग काट्याच्या खिडकीत नुसता डिंकाच्या आधाराने अडकलेला असतो, वाळून भेगा पडल्या की कण गळतात, डायलवर पडतात, बाजूने यंत्रात शिरतात. झाकण आता घरी उघडू नका. जो कारागीर रेडियमचं काम हातमोजे आणि मास्क घालून, टेबल ओल्या फडक्याने पुसून करतो त्यालाच द्या, आणि देताना सांगा की काट्यांत रेडियम आहे. न सांगता देणं म्हणजे त्याच्या नाकाशी खेळ. काढलेले काटे झाकणाच्या छोट्या डबीत, वर चिठ्ठी लावून. खरवडून पुन्हा भरायचे वगैरे उद्योग नकोत.

आणि एकापेक्षा जास्त रेडियमची घड्याळं झाली की ती झोपायच्या खोलीतल्या कपाटात कोंबू नका. रेडियमपासून रेडॉन वायू निघतो, बंद जागेत साठतो. माझी सगळी हवेशीर खोलीत असतात. बायको म्हणते त्यांना माझ्यापेक्षा चांगली खोली मिळाली.

सेकंदथांबा

मी अमेरिकन बाजूचा माणूस, ए-११ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी घड्याळं गोळा करतो. एल्जिन, वॉल्थम, बुलोवा. ब्रिटिशांच्या बारांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून मधे तोंड घालतो.

ए-११ लहान असतं, आजच्या मनगटावर पोरकट दिसतं. पण चावीची गुंडी बाहेर ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबतो. विमानातल्या सगळ्यांनी काटे एका वेळेवर आणून थांबायचं आणि इशारा झाला की एकदम गुंड्या आत. याला हॅक म्हणतात. तुमच्या ३०टी२ ला ते येत नाही.

किल्लीवाले जे काट्यांबद्दल म्हणाले ते ए-११ ला दुप्पट लागू. यांत रेडियम असलेले आणि नसलेले दोन्ही प्रकार निघाले, आणि नंतरच्या दुरुस्त्यांत त्यांची अदलाबदल इतकी झालीय की मी आता काट्यांचा वेगळा डबाच ठेवलाय. माझ्या एका एल्जिनच्या डायलवर काट्यांच्या आकाराची तपकिरी सावली आहे. ते कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये दहा वाजून आठ मिनिटांवर बंद पडलं आणि अनेक वर्षं तसंच राहिलं. काट्यांतल्या रेडियमने खालचा रंग भाजला. गंमत म्हणजे आज त्यावर जे काटे आहेत त्यांचा आकार त्या सावलीशी जुळत नाही. अर्धाकाटा, तुमच्या डायलवर अशी सावली आहे का बघा. नसेल तर ते काटे तिथे फार वर्षं नाहीत, किंवा घड्याळ सतत चालत होतं.

बाणवाला

सावलीचं नव्यानेच कळलं. आत्ता माझी तिन्ही घड्याळं काढून बघितली. एकावर आहे, आणि काटे जुळतात! इतके दिवस तो डाग समजून मी डायल साफ करून घ्यायच्या विचारात होतो.

किल्लीवाला

बाणवाला, साफ केलीत तर तुमच्याशी बोलणार नाही.

अर्धाकाटा

सावली नाही. दिवसाउजेडी तिरकं धरून पाहिलं, कुठेच नाही.

विकणाऱ्याला फोन केला. भांडायला नव्हे, ते घड्याळ त्याच्याकडे कुठून आलं ते विचारायला. तो म्हणाला, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विकलं, ते रोज घालायचे, एकदा पडलं तेव्हा काच आणि काटे बदलून घेतले होते. “हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?” तर म्हणे, “काट्यांचं काय सांगायचं?”

जुनी डायल नाही घेतली. ज्याच्याकडे होती त्याला कळवलं, की बंद ओमेगाचं यंत्रही आहे ना, मग दोन्ही एकत्रच राहू दे. त्याला काही कळलं नसावं.

काटे शोधतोय. ट्रिटियमचे, ओमेगाचेच, योग्य लांबीचे. कोणाच्या डब्यात असले तर सांगा. तोवर घड्याळ घालतोय, दिवसाला चाळीसेक सेकंद मागे पडतं. आणि मिनिट नक्की कुठलं हे अंदाजानेच वाचावं लागतं, काटा रेघेला टेकतच नाही ना.

जुनापट्टा

पट्टा कुठला लावलाय?

अर्धाकाटा

नायलॉन. हसू नका.